सर्वसमावेशक गव्हाण

नाताळ जवळ आला तसं आमच्या नगरच्या घरी ठरलं, यंदा लेकीसाठी गव्हाणीचा देखावा हातानं करायचा. आणि तोही सर्वसमावेशक. बाजारातली मरिया गोरीपान, योसेफ निळ्या डोळ्यांचा. जणू बेथलेहेम स्वित्झर्लंडात आहे!

शाडू भिजवला. मरियेला लुगडं नेसवलं, योसेफाला आफ्रिकी झगा, मेंढपाळाच्या खांद्यावर धनगरी घोंगडी. पूर्वेकडचे ज्ञानी किती, हे शुभवर्तमानात मत्तयानं सांगितलेलंच नाही. भेटवस्तू तेवढ्या तीन. म्हणून आम्ही सात केले, एकही खंड रुसायला नको. अंटार्क्टिकातर्फे पेंग्विन आला. जन्मकथेत बैलाचाही उल्लेख नाही, पण पोळ्याचा मातीचा बैल माळ्यावर होता, त्याची सोय झाली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोत असाच देखावा करताना संत फ्रान्सिसचं बैल, गाढव आणि गवत एवढ्यावर भागलं होतं. बिचाऱ्याला वैविध्याची जाण नसावी.

शेवटी आजीनं चष्मा लावून हजेरी घेतली. म्हणाली, “सगळं जग बोलावलंत रे. फक्त ज्यू तेवढा कुणी दिसत नाही. बाळ त्यांच्याच घरचं ना?”

पेंग्विननंही मान खाली घातली.