ताट्या बदलायला हव्यात

कूलरसमोरची जागा ज्याला मिळते तो गाण्यावरच्या व्यायामवर्गातला मान्यवर, हे आमच्या विदर्भातल्या जवाहरनगरात कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात सकाळी सहालाही भिंती आदल्या दिवसाचं ऊन परत करत असतात. आमच्या हॉलात कूलर एकच. मी निवृत्त, वयाने ज्येष्ठ, वर्गणी महिन्याच्या पहिल्या तारखेला भरणारा, शिवाय ठेका चुकला तरी आत्मविश्वास न चुकणारा. तेव्हा पहिल्या रांगेत, कूलरच्या थेट तोंडाशी, मीच उभा राहतो. हवा आधी मला लागते आणि मग मला ओलांडून बाकीच्या वर्गाकडे जाते. ती माझ्याकडून काय घेऊन जाते, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. वास इतर माणसांना येतो अशी माझी समजूत आहे, आणि ती इतकी वर्षं उत्तम टिकली आहे.

वर्ग घेणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. एक दिवस गाणं लावता लावता म्हणाल्या, "काकाजी, तुम्ही जरा मांगं उभे राहता का? कूलरची हवा डायरेक्ट लागते. सर्दी होईन."

"बाप्पा! मे महिन्यात सर्दी?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. मागच्या दोन रांगा मात्र जरा जास्तच मनापासून हसल्या, असं आता वाटतं.

त्याच दुपारी ग्रुपवर निरोप आला. सर्व सदस्यांनी वर्गाला आंघोळ करून, स्वच्छ धुतलेले कपडे घालून यावं, सोबत नॅपकिन आणावा, ही नम्र विनंती. मी तात्काळ अंगठा दिला. माझ्यामागून सगळ्यांनी दिला. निरोप तिसऱ्या रांगेतल्या जाडजूड साहेबांसाठी होता हे मी ओळखलं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या ठाणा गावच्या पेट्रोल पंपाजवळच्या टपरीवर त्यांना चहा पाजला. चहाचे पैसे द्यायचा हट्ट मात्र त्यांनीच धरला. माझ्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेने बोलले की मला संशय यायला हवा होता. हात त्यांनी लगेच काढला, हेही लक्षात घ्यायला हवं होतं.

माझी मुलगी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. हा किस्सा तिला मोठ्या चवीने सांगितला, तर तिने तिसऱ्या रांगेबद्दल चकार शब्द न विचारता मला धडाच दिला. अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेकींतून येतं ते मीठ घातलेलं पाणी. त्याला वास नाही. काखेतल्या निराळ्या ग्रंथी वयात आल्यावर कामाला लागतात, त्यांतून जरा दाट, चिकट ऐवज येतो. तोही ताजा असताना निर्गंध. वास येतो तो त्या ऐवजावर ताव मारणाऱ्या जिवाणूंमुळे. आणि आपलं नाक सततच्या वासाची दखल घेणं काही वेळात सोडून देतं, म्हणून ज्याचा वास त्यालाच तो शेवटी कळतो, कळलाच तर.

"म्हणजे माझ्या घामाला वास नाही," मी म्हणालो. एवढंच वाक्य मला आवडलं होतं.

"घामाला नाही, बाबा. तुमच्या ताट्या बदलायला हव्यात."

आता ताट्यांबद्दल बोललंच पाहिजे. मुद्द्यावर यायची घाई असलेल्यांनी पुढचा मजकूर ओलांडावा. अशी माणसं आमच्याकडे पुण्याची समजली जातात.

विदर्भात उन्हाळा येतो तो पंचांगाने येत नाही, कूलर काढला की येतो. पत्र्याचा तो अवजड देह दोघांनी धरून खिडकीशी आणायचा, गंज घासायचा, रंगाचा हात द्यायचा, वर्षभर झोपलेल्या पंपाला फुंकर मारून उठवायचं. मग तिन्ही बाजूंच्या जाळ्या उघडून ताट्या भरायच्या. इथे घराघराचे पंथ आहेत. लाकडाच्या किसाच्या ताट्या स्वस्त, पण पहिल्या आठवड्यात त्यांचा वास असा की पाहुणे उंबऱ्यावरूनच पाणी पिऊन जातात. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या कागदी ताट्या हल्ली निघाल्यात. टिकतात पुष्कळ, थंडावा चांगला, पण त्यांना चारित्र्य नाही. आणि मग वाळा. ओढ्यानाल्याच्या काठाने वाढणाऱ्या गवताची ही मुळं. पाणी पडलं की पहिल्या पावसाची माती घरात येते. ज्या मुळांपासून अत्तर काढतात ती आमच्याकडे खिडकीत तारेने बांधलेली असतात, ही श्रीमंती मुंबईच्या एसीवाल्यांना सांगून कळायची नाही. कूलर येण्याआधीही साहेब लोकांच्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे असत, त्यांवर बाहेरून पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. तो माणूस बाहेर, उन्हात. त्याला थंडावा कुठून मिळे, हे कुणी विचारल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

कूलरचा सगळा चमत्कार एका गोष्टीत आहे: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात आणि ती ते आजूबाजूच्या हवेतून उचलतं. कातडीवरचा घामही हेच करतो, फक्त उष्णता कातडीतून उचलतो. म्हणजे हॉलात कूलर एक नसून, वर्गात जितकी माणसं त्याहून एक जास्त कूलर उभे आहेत, एक पत्र्याचा आणि बाकी हाडामांसाचे, सगळे पाणी उडवून गारवा आणण्याच्या एकाच कामावर. आणि कूलरला वास येतो तो तरी कशाने? पाण्याने नव्हे. टाकीत पाणी साचून राहिलं, ताट्या ओल्याच्या ओल्या बंद राहिल्या, की त्यांत जे काही वस्ती करतं त्याने. म्हणून तर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, असं डासांपायी सांगतात. मुलीचं बोलणं त्या अंगाने मला एकदम पटलं. माझा घाम वाळ्याचाच होता. दोष ताट्यांचा होता.

माझी ताटी म्हणजे पोपटी रंगाचा, अंगाला चिकटणारा, पॉलिस्टरचा टी-शर्ट. जावयाने दिलेला. तो घातला की पोट दिसत नाही असं मला आरशात कडेने पाहिल्यावर वाटतं. मुलीने या टी-शर्टाचीही कुंडली काढली. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 26 निरोगी माणसांकडून व्यायामशाळेतल्या सायकली जोरात चालवून घेतल्या, त्यांचे घामेजलेले टी-शर्ट 28 तास ठेवले आणि मग वास पारखणाऱ्या प्रशिक्षित मंडळाकडे सोपवले. हा अभ्यास 2014 साली छापून आला. सुती टी-शर्टांपेक्षा पॉलिस्टरचे जास्त घाण वासाचे निघाले. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्या धाग्यावर विशेष फोफावतात. त्या मंडळावरच्या माणसांना संध्याकाळी घरी कुणी विचारत असेल का, आज ऑफिसात काय झालं म्हणून?

सुती कपड्याचं नाव निघालं आणि वडील आठवले. साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या इथल्या आयुध निर्माणीत ते प्लांटमध्ये होते. मी पुढे तिथेच लागलो, पण ऑफिसात, पंख्याखाली. स्फोटकांजवळ काम करणाऱ्याने नायलॉन-पॉलिस्टर घालायचं नसतं. त्या धाग्यांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सुती गणवेश. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवी. पाळी सुटल्यावर ते दारात आले की घाम, रसायन आणि सायकलच्या तेलाचा मिळून एक वास यायचा. त्याला आमच्या घरात कुणी वास म्हटलं नाही. तो आला म्हणजे बाबा आले, एवढंच. त्या वासाची किती वाट पाहिली जायची हे या वसाहतीत राहिलेल्यांना कळेल. 24 जानेवारी 2025 ला निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. त्या दिवशी कितीतरी घरं दाराशी उभी होती. व्यायामाचा, डिओचा, पोपटी टी-शर्टाचा विषय त्यानंतर बरेच दिवस तोंडी आणवला नाही.

ज्या घामाच्या वासाची आम्ही वाट पाहायचो, त्याचीच लाज विकणाऱ्या व्यापाराचा मला राग येतो. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका मुलीने, एडना मर्फीने, आपल्या शल्यविशारद वडिलांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हात कोरडे राहावेत म्हणून बनवलेलं द्रावण काखेसाठी विकायला काढलं. त्याचं नाव ओडोरोनो. खप जेमतेम. मग 1919 साली जेम्स वेब यंग नावाच्या जाहिरातवाल्याने घामाची नव्हे, कुजबुजीची भीती विकली: तुमच्या वासाबद्दल लोक तुमच्या मागे बोलतात, तुम्हाला मात्र कधी सांगत नाहीत. त्या जाहिरातीने अपमान झाला म्हणून दोनशेच्या आसपास वाचक बायकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, आणि खप मात्र भराभर वाढला. म्हणजे आमच्या ग्रुपवरचा तो निरोप शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता. त्यात पुन्हा पैसे मोजून गाळलेला घाम म्हणजे फिटनेस, आणि मजुरी घेऊन गाळलेला घाम म्हणजे बसमध्ये नाकाला रुमाल. जुलैत रोवणी लागते तेव्हा वर्गाला येताना वाटेतल्या बांध्यांत बाया चिखलात वाकलेल्या दिसतात, गाणी म्हणत, एका ठेक्यात, रांगेने पुढे सरकत. हॉलात आम्ही तेच करतो, फक्त रोपं लावत नाही आणि वर महिन्याची वर्गणी भरतो.

पण एवढा उदात्त विचार करूनही मला मागच्या रांगेत जायचं नव्हतं. म्हणून ताट्या बदलल्या. पोपटी टी-शर्ट जावई येतील तेव्हापुरता ठेवून सुती बनियन काढली. पोट दिसतं. न्हाव्याकडून तुरटीचा खडा आणला. त्याने दाढीनंतर गालावर फिरवायचं ते मी ओल्या काखेत फिरवतो. बाजारातल्या घाम रोखणाऱ्या बाटल्यांतही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात, ते घामाच्या नळ्या काही काळ बुजवतात. ते रात्री झोपताना लावायचे, तेव्हा घाम कमी असतो म्हणून नीट बसतात. सकाळी वर्गाच्या दारात फवारा मारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. नुसता डिओ म्हणजे जुन्या ताट्यांवर अत्तर. व्यायामानंतर कपडे पिशवीत कोंबून न ठेवता घरी येताच उलटे करून धुवायचे, कारण घामट बाजू आतली. आणि रविवारी सावजीचा रस्सा ओरपला की सोमवारी लसूण घामातूनही हजेरी लावतो. त्याचा एक गंधकी अंश रक्तात मिसळून श्वासातून, त्वचेतून रेंगाळत बाहेर पडतो. त्यावर साबण नाही, तुरटी नाही. रविवार सोडायचा की सोमवार, यावर मी फार विचार केला नाही. सोमवारी वर्गाला सुट्टी घेतो.

एवढं करून मी वर्गातला सर्वात ताजा माणूस झालो असेन याबद्दल मला शंका नाही. मुलगी म्हणते, स्वतःच्या नाकाची साक्ष चालत नाही. ती अजून लहान आहे.

गेल्या आठवड्यात वर्गात एक नवे गृहस्थ आले. पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला, अंगावर अख्खी बाटली ओतलेली. उद्‌बत्ती, च्युइंगम आणि रंगाचा डबा एकाच वेळी उघडल्यागत. तोंडावर बोलणं बरं दिसत नाही. माणूस स्वभावाने चांगला, वाकून नमस्कार करतो. म्हणून रात्री बसून मी ग्रुपवर एक मजकूर टाकला: सर्व सदस्यांनी अतितीव्र सुगंधी फवारे टाळावेत, सोबत्यांना त्रास होतो, ही नम्र विनंती.

पहिला अंगठा त्यांचाच आला. पाठोपाठ त्यांचा मला वैयक्तिक निरोप: "बरं झालं सांगितलं काकाजी. तिसऱ्या रांगेतले साहेब जरा जास्तच मारतात."