रेपो गुरुजी

मृग कोरडा गेला की आमच्या मुखेडात शेतकऱ्याच्या जोडीनं आणखी एक माणूस कासावीस होतो. या माणसाच्या नावावर गुंठाभर शेत नाही. सातबारा धाकट्या भावाच्या नावावर आहे. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात; पाऊस पडो न पडो, पगार व्हायचा तेव्हा होतोच. तरीही आभाळाकडं बघून उसासा टाकतात. काय झालं विचारलं की एका दमात सांगतात, "पाऊस लांबला, म्हणजे डाळ महागणार. डाळ महागली की महागाईचा आकडा फुगणार. आकडा फुगला की मुंबईत रेपो हलणार. आन् तिकडं रेपो हलला की हिकडं माझा हप्ता हलणार."

त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटात उरलंय. मोंढ्यात, बसस्थानकावर, चहाच्या हॉटेलात ते रेपो गुरुजी. असा एखादा गुरुजी, ग्रामसेवक किंवा तलाठी आता प्रत्येक तालुक्यात निघेल. आमच्याकडचे जरा जास्त पिकलेले आहेत, एवढंच.

पूर्वी ते असे नव्हते. पेपर हातात आला की बदल्यांची बातमी आणि महागाई भत्त्याची बातमी, एवढं वाचून घडी घालून ठेवायचे. सगळं बिघडलं ते एप्रिल 2021 मध्ये. कोरोनामुळं रिझर्व्ह बँकेनं मे 2020 पासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर, चार टक्क्यांवर आणून ठेवला होता आणि घरकर्ज 6.70 टक्क्यांनी मिळत होतं. बँकेतला साहेब म्हणाला, "गुरुजी, इतकं स्वस्त कर्ज तुमच्या वडलांनी ऐकलं बी नसंल." हे खरंच होतं. वडलांनी आयुष्यभर शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलले. महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. गुरुजींचे डोळे भरून आले. वीस लाख रुपये, वीस वर्षं, हप्ता 15,148. त्यांनी दाखवतील तिथं सह्या केल्या आणि एकच प्रश्न विचारला, "हे फ्लोटिंग म्हणजे काय असतं?"

"बदलता दर, गुरुजी. कमी बी होतो."

त्या 'बी'मधून पुढं केवढं झाड उगवणार होतं, हे तेव्हा कुणाला दिसलं नाही.

घर झालं. गुत्तेदारानं सहा महिने सांगून वर्ष लावलं, पण झालं. वास्तुशांतीला मुहूर्त काढला अक्षय तृतीयेचा, 3 मे 2022. या दिवशी जे कराल ते कधी क्षय पावत नाही, असं भटजींनी सांगितलं. सगळ्या गावानं जेवताना मान डोलावली. दुसऱ्या दिवशी, मांडवाचे बांबूही निघाले नव्हते तेव्हा, रिझर्व्ह बँकेच्या समितीनं ठरलेल्या तारखेची वाट न बघता अचानक बैठक जाहीर करून रेपो 0.40 टक्क्यानं वाढवला. गुरुजींचं कर्ज अक्षय होण्याच्या वाटेला लागलं.

त्यानंतर ओळच लागली. 8 जूनला, मृगाच्या तोंडावर, अर्धा टक्का. 5 ऑगस्टला, श्रावणात, आणखी अर्धा. 30 सप्टेंबरला नवरात्रातली पाचवी माळ होती. गुरुजी सहकुटुंब माहूरला रेणुकामातेच्या रांगेत उभे होते. खिशात मोबाईल वाजला. अर्धा टक्का. डिसेंबरात ते दत्तजयंतीला पुन्हा माहूरला गेले, मागचं राहिलेलं मागणं मागायला. तारीख 7 डिसेंबर. 0.35 टक्का. फेब्रुवारी 2023 मध्ये शेवटचा पाव. चारचे साडेसहा झाले. सहा वेळा वाढ झाली आणि त्यातले दोन मेसेज गुरुजींनी गडावर घेतले. तेव्हापासून ते माहूरला जाताना मोबाईल घरी ठेवतात.

गंमत अशी की, या सगळ्या काळात गुरुजी निर्धास्त होते. स्टाफरूममध्ये छाती पुढं काढून सांगायचे, "वाढू द्या की! माझा हप्ता एक रुपयानं हलला नाही." इतरांना वाटायचं, गुरुजींनी बँकेत काहीतरी वजन वापरलंय. बँकेनं हप्ता हलवला नव्हता हे खरं. तिनं वर्षं हलवली होती. ते कळलं उन्हाळ्याच्या सुटीत, कर्जाचा उतारा काढल्यावर. हप्ता 15,148 होता, दर 9.20 झाला होता आणि मुदतीच्या रकान्यात जो आकडा होता तो बघून गुरुजींनी चष्मा पुसला. चष्म्यात काही नव्हतं.

माणूस गणिताचा, म्हणून त्यांनी हिशेब स्वतः मांडला. वर्षभर नेमानं हप्ते भरून वीस लाखांतले जेमतेम 49 हजार फिटले होते. उरलेल्या साडेएकोणीस लाखांवर 9.20 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं 14,956 रुपये. हप्ता 15,148. म्हणजे हप्त्यातून मुद्दलाला जाणार 192 रुपये. या चालीनं कर्ज फिटायला 571 महिने, साडेसत्तेचाळीस वर्षं. गुरुजी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. अठ्ठावन्नला निवृत्ती आणि अठ्ठ्याऐंशीला कर्जमुक्ती.

इतका मोठा हिशेब एकट्यानं सोसवेना. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्यांनी तो सातवीच्या वर्गात सोपा करून घातला. "एका गृहस्थानं 20 लाख रुपये 9.20 टक्के दरानं घेतले. हप्ता 15,148. तर पहिल्या महिन्यात मुद्दल किती फिटलं?" पोरांनी पाट्या, वह्या काढल्या. वर्षाचं व्याज 1,84,000, भागिले बारा, 15,333. मागच्या बाकावरचं एक पोरगं उभं राहिलं.

"गुरुजी, उत्तर वजा यायलंय."

"बरोबर हाय. बस."

"गुरुजी, गणित चुकलंय. असलं कर्ज कोन घेतंय?"

सगळा वर्ग हसला. गुरुजी खडू शोधायला म्हणून बाहेर गेले आणि घंटा होईपर्यंत आले नाहीत.

तिथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. रेपो ठरवणारी पतधोरण समिती सहा जणांची असते; गुरुजी वागतात असे की सातवी खुर्ची त्यांचीच. दर दोन महिन्यांनी सकाळी दहाला गव्हर्नर बोलायला लागले की इकडं परिपाठ उरकण्याची घाई होते. एखाद्या बैठकीच्या दिवशी तर 'जन गण मन' नेहमीपेक्षा जरा वेगात झाल्याचं मुलं सांगतात. महिन्याच्या 12 तारखेला महागाईचा आकडा येतो, त्या दिवशी त्यांचा उपवास. एकादशी मोडली तरी चालते, बारा तारीख मोडत नाही. मे 2022 च्या त्याच 4 तारखेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनंही अर्धा टक्का वाढवला होता, हे त्यांना भाच्याच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. युक्रेनच्या युद्धावर त्यांचं स्वतंत्र मत आहे. "आपल्या भागात पयलं सूर्यफूल किती व्हायचं! समद्यांनी सोयाबीन धरलं. आता तेलासाठी युक्रेनकडं बघा. तिथं बॉम्ब पडला की मुखेडात हप्ता वाढतो."

पण खरा पेच घरातच आहे. धाकटा भाऊ शेती करतो. तूर, सोयाबीन, थोडं उडीद. 2024 च्या सुरुवातीला लातूरच्या मोंढ्यात तुरीनं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा भावानं पेढे आणले. गुरुजींनी पेढा हातात घेतला आणि तो खाताना त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. कारण महागाईच्या आकड्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन मोठं आणि अन्नधान्य उतरत नाही म्हणून रिझर्व्ह बँक रेपो उतरवत नव्हती. भावाच्या तुरीला भाव आला की भाऊ अडचणीत, असा हा भाऊबंदकीचा नवा प्रकार. पूर्वी बांधावरून भांडणं व्हायची, आता रेपोवरून होतात.

"दादा, माझी तूर सहा हजारानं जावी मनून तू देव पाण्यात घातलास का?" भावानं एकदा सरळ विचारलं.

"तसं नाही रे," गुरुजी म्हणाले, "तुझी दहानं जावी. बाकीच्यांची सहानं."

महागाईशी त्यांचं नातं तसं पहिल्यापासून दुटप्पी आहे. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. म्हणून मास्तर मंडळींनी तिला कधी मनापासून शिव्या दिल्या नाहीत. आता भत्ता वाढल्याची बातमी आली की स्टाफरूममध्ये टाळ्या होतात आणि रेपो गुरुजी एकटेच डोकं धरून बसतात. शिवाय महागाई येते त्याच महिन्यात आणि भत्त्याची थकबाकी येते सवडीनं, हे त्यांचं दुखणं तर सगळ्या गुरुजींचंच आहे.

त्यांची मंडळी या सगळ्यातून अलिप्त. गव्हर्नरांचं भाषण ऐन रंगात असताना त्या पिशवी पुढं करतात. "रेपो काय म्हनतो ते मागून ऐका. आधी टमाटे आना." जुलै 2023 मध्ये टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा गुरुजी पिशवी तशीच घेऊन परत आले आणि या टोमॅटोचा पतधोरणावर होणारा परिणाम समजावू लागले. बाईंनी शांतपणे भाजीत चिंच घातली. महागाईवर एवढा झटपट उपाय सहा जणांच्या समितीलाही सुचलेला नाही.

कर्जाचा उपायही शेवटी बाईंनीच काढला. 18 ऑगस्ट 2023 ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की, दर बदलला तर कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. स्थिर दराकडं जायची वाट दाखवा आणि त्याला किती पैसे पडतील ते सांगा. हप्त्यात व्याजही भागत नाही अशी पाळी मुदत वाढवून आणू नका. आणि दर तीन महिन्यांनी मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले हे समजेल असं लिहून द्या. गुरुजींनी ते परिपत्रक छापून आणलं, लाल पेनानं ओळी खुणावल्या, समासात टिपणं लिहिली आणि महिनाभर हॉटेलात सगळ्यांना वाचून दाखवलं. फक्त बँकेत नेलं नाही.

एक दिवस बाईच म्हणाल्या, "सगळ्या गावाला दाखवलाव. आता ज्याला दाखवायचं त्याला दाखवा."

बँकेत गेल्यावर साहेबानं विचारलं, "गुरुजी, हप्ता वाढवला तर अठराच्या पुढं जाईल. झेपंल का?" गुरुजी महागाईच्या अंदाजांकडं वळणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "तीन हजारानं हप्ता वाढवा. वर्षं आधी होती तेवढीच ठेवा. आन् भत्त्याची थकबाकी आली की ती मुद्दलात भरून घ्या. त्याला दंड लागत नाही मने." लागत नाहीच. बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड 2012 पासून बंद आहे. दहा मिनिटांत काम झालं. 571 महिन्यांचे पुन्हा 228 झाले. गुरुजींना त्याचा आनंद झाला, पण बोलायचा विषय गेल्याची रुखरुखही लपली नाही.

मग 2025 उजाडलं आणि रेपो उतरायला लागला. फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव, 6 जूनला अर्धा, 5 डिसेंबरला पाव. जूनच्या अर्ध्या टक्क्याला गुरुजींनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. भावानं कोपऱ्यातून विचारलं, "दादा, एकून चढला किती होता?"

"अडीच."

"आन् उतरला किती?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. तेव्हा उत्तर एक होतं. डिसेंबरनंतर ते सव्वा झालं. चढला त्याच्या बरोबर निम्मा. 6.70 नं घेतलेलं कर्ज 9.20 ला जाऊन 7.95 वर आलंय. वडलांचा सावकार शेकडा दोन घ्यायचा, गळा कापायचा, पण त्याचा आकडा कर्ज फिटेपर्यंत दोनच राहायचा. गुरुजींचा दर त्याच्या एक तृतीयांश आहे. मात्र तो मोंढ्यातल्या तुरीसारखा रोज नव्यानं बोलला जातो. पगारदार माणूस पावसाच्या भरवशावर नसतो, या समजुतीवर गुरुजींनी डी.एड. केलं होतं. फ्लोटिंगच्या एका सहीनं ते पुन्हा कोरडवाहू झाले.

हल्ली कुणाच्या वास्तुशांतीला गेले की ते फरशी, किचनचा कट्टा, नळाची तोटी काही बघत नाहीत. यजमानाला बाजूला घेऊन विचारतात, "हप्ता सांगू नका. वर्षं किती उरली ते सांगा." यजमान बहुधा हप्ताच सांगतो, कारण त्याला तेवढाच ठाऊक असतो. घरकर्ज तुमच्याही डोक्यावर असेल, तर या महिन्यात बँकेतून उतारा काढा आणि मुदतीचा रकाना वाचा. चष्मा आधी पुसून घ्या.