रावणाचा वध करण्यात आला

सरकारला सोपं मराठी लिहिता येत नाही, अशी तक्रार करणारे लोक शासन निर्णयाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचलेले नसतात. त्यांचा दोष नाही. 'वाचा' या मथळ्याखालचे जुन्या निर्णयांचे क्रमांक संपले आणि 'प्रस्तावना' नावाचं पाऊण पानाचं एकच वाक्य ओलांडलं, की माणूस घोटभर पाणी पितो आणि कागद कपाटात ठेवून देतो. पण नेटानं पुढं गेलं तर शेवटी 'प्रत' लागते आणि तिथं मराठी गद्याचा वस्तुपाठ आहे. मा. राज्यपालांचे सचिव. महालेखापाल, मुंबई. महालेखापाल, नागपूर. सर्व विभागीय आयुक्त. सर्व जिल्हाधिकारी. सगळ्यांत खाली, निवड नस्ती. एक 'तथापि' नाही, एक 'अनुषंगाने' नाही. कागद कुठं कुठं जायचा, ते शाळकरी पोरालाही कळेल.

खर्चाचा परिच्छेदही तसाच लखलखीत. निर्णयातून नेमकं कोणाला काय मिळणार, याबद्दल दोन वकिलांची तीन मतं होतील. पण पैसे कोणत्या मागणी क्रमांकातून, कोणत्या लेखाशीर्षाखाली जायचे, ते आकड्यांनिशी लिहिलेलं असतं. तिथं कोणी 'यथावकाश' लिहीत नाही. कारण तो परिच्छेद महालेखापाल वाचतात आणि त्यांना न समजलेल्या वाक्याचा लेखापरीक्षणात आक्षेप होतो. नागरिकाला न समजलेल्या वाक्याचा फार तर हेलपाटा होतो, तोही नागरिकालाच.

म्हणजे येतं, सगळं येतं. ज्याची भीती वाटते त्याच्यासाठी नितळ लिहायचं आणि बाकीच्यांसाठी गढूळ, एवढी हुकमत भल्या भल्या ललित लेखकांकडं नसते. लेखन सुधारण्याचे वर्ग घेणाऱ्या मंडळींना हे कोणीतरी सांगायला हवं. ती बिचारी फळ्यावर लिहितात, 'वाक्यं छोटी ठेवा', 'बोलता तसं लिहा'. मंत्रालयातला माणूस बोलतो तसं लिहायला लागला तर संध्याकाळपर्यंत निलंबित होईल.

शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना एक वाक्य हमखास यायचं : रावण रामाकडून मारला गेला. कर्त्याला 'कडून' लावून जरा मागं सारलं, तरी तो वाक्यात होता. सरकारी मराठीनं पुढचं पाऊल टाकलं : रावणाचा वध करण्यात आला. राम गेला. याला शैली म्हणून हिणवू नका, ही दूरदृष्टी आहे. उद्या लंकेहून वारसदार नुकसानभरपाई मागायला आले, तर नोटीस कोणाच्या नावानं काढणार? चौकशी समिती नेमली, तिला चार मुदतवाढी मिळाल्या, तरी अहवालात एवढंच येईल की सदर वधाची कार्यवाही सक्षम स्तरावरून करण्यात आल्याचे दिसून येते. हनुमानाची वेतनवाढ तेवढी रोखली जाईल.

आमच्या इमारतीत एक निवृत्त कक्ष अधिकारी राहतात. एकदा सोसायटीच्या फळ्यावर चिटणीसबाईंनी खडूनं लिहिलं, 'उद्या सकाळी दहा ते दोन पाणी बंद. टाकी धुणार आहोत.' साहेब फिरून येत होते. थांबले, चष्मा वर केला आणि हळहळले.

"मॅडम, स्वतःला अडकवून घेताय तुम्ही."

"मी? कशात हो?"

"'उद्या' लिहिलंत. टाकीवाला उगवलाच नाही तर? 'दहा ते दोन' लिहिलंत. अडीच वाजले तर? आणि 'धुणार आहोत' म्हणजे कोण? तुम्ही उतरणार का टाकीत?"

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सुधारित मसुदा सांगितला. संस्थेच्या जलसाठवण टाक्यांच्या स्वच्छतेची बाब विचाराधीन असून त्या अनुषंगाने पाणीपुरवठा आवश्यकतेनुसार खंडित ठेवण्यात येण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब सभासदांनी आपल्या स्तरावर योग्य ती दक्षता घ्यावी.

"अहो, पण लोकांनी पाणी भरायचं कधी?"

"ते त्यांनी ठरवायचं. 'आपल्या स्तरावर' म्हटलंय ना."

मसुद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पाणी कधी जाणार, एवढं सोडून सगळं त्यात होतं. साहेबांच्या या एका वाक्यात सरकारी व्याकरणाचा एक नियमही दडलेला आहे, जो कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. कार्यालयाचं काम असेल तिथं कर्ता विरघळतो : तपासणी करण्यात येईल, निर्णय घेण्यात येईल, कळविण्यात येईल. काम नागरिकाचं असेल, की तोच कर्ता वाक्याच्या तोंडाशी छाती काढून उभा राहतो : अर्जदाराने तीन प्रतींत सादर करावे. अर्जदाराने स्वखर्चाने आणावे. अर्जदाराने समक्ष हजर राहावे. तीस पानांच्या योजनेत काही ठोस करणारा माणूस एकच असतो आणि तो रांगेत उभा असतो.

ही मराठीची जुनी खोड आहे, असं कोणी म्हणू नये. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातल्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांचं एक पत्र गेलं होतं. आजच्या हिशेबानं ते परिपत्रकच. विषय, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण. आताच उधळपट्टी कराल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशी त्यात सरळ तंबी आहे. घोडी मेल्याचं निदर्शनास येणार नाही; तुम्ही मारली. मग पोटासाठी कुणब्यांच्या घरी शिराल, कोणी धान्य आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल परवडले. त्याच पत्रात पुढं आगीची काळजी. गवताच्या गंजीजवळ कोणी चुली पेटवेल, कोणी वारा न बघता तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. स्वराज्याची घडी बसवताना एका राजानं उंदराच्या तोंडातली वातसुद्धा पाहिली आणि कारकुनाला कळेल अशा बोलीत लिहवून घेतली. वाचणाऱ्या हवालदाराला दोनच गोष्टी उरत होत्या : दिवा विझवायचा आणि घाबरायचं.

हेच पत्र आज निघायचं झालं तर त्याचा विषय असेल 'पशुखाद्य साठ्याच्या सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना निर्गमित करणेबाबत'. मजकूर साधारण असा. मूषकवर्गीय प्राण्यांकडून प्रज्वलित वर्तिकेचे अनधिकृत वहन होण्याच्या संभाव्य घटना विचारात घेता, क्षेत्रीय स्तरावर आवश्यक त्या उपाययोजना तात्काळ करण्यात याव्यात. अशा घटनांचा अहवाल दरमहा ५ तारखेपर्यंत प्रपत्र 'ब' मध्ये सादर करण्यात यावा. उंदीर आढळून न आल्यास 'निरंक' अहवाल पाठविण्याची दक्षता घ्यावी. अश्वमृत्यूबाबत स्वतंत्र सूचना यथावकाश निर्गमित करण्यात येतील. तोवर छावणीतले निम्मे कारकून प्रपत्र 'ब' भरत बसलेले, दिवा तसाच चालू, आणि उंदीर आपलं काम कर्तरी प्रयोगात उरकून गेलेला.

लोक मात्र हसतात ते शब्दांना. 'मूषक' दिसलं की टाळी. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' ठरवून महाराष्ट्राला पोट धरून हसवलं होतं. हसण्यासारखं त्यात होतंच. पण तेव्हा कानाला टोचलेली कितीतरी पदनामं आज कोणाला खटकतही नाहीत. गावातला अंगठाबहाद्दरही 'गटविकास अधिकारी' बिनचूक म्हणतो आणि तो कधी भेटत नाही हेही त्याला ठाऊक असतं. शब्द अवघड असला तर चार वेळा कानावर पडून वळणावर येतो. वाक्यातून पळालेला साहेब चाळीस वेळा वाचूनही सापडत नाही. संस्कृत शब्द काढून त्या जागी 'प्रोसेस' आणि 'व्हेरिफिकेशन' बसवलं तरी साहेब गैरहजरच : प्रोसेस सुरू आहे.

न्यायालयंही या विद्येत मागं नाहीत. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा, दोघांनीही तो वाचला आणि दोघांनाही त्यात काय म्हटलंय ते उमगेना. वाचून झाल्यावर टायगर बाम लावावा लागला, असं शहांनी भर सुनावणीत सांगितलं. त्याआधी २०१७ मध्ये त्याच उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरू वादातला निकालही अर्थबोध होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये बामवालं प्रकरण निकाली काढताना चंद्रचूडांनी मग निकालपत्र कसं लिहावं याचा रीतसर धडाच दिला : आधी वादाचा मुद्दा, मग कायदा काय म्हणतो, मग तो या प्रकरणाला कसा लागतो, शेवटी निष्कर्ष. धडा उत्तम आहे. प्रकरण मात्र नव्यानं ऐकायला परत उच्च न्यायालयाकडं. दुर्बोध गद्याबद्दल न्यायमूर्तींना बाम मिळाला, पक्षकारांना तारीख.

परदेशात काय चालतं, हे सांगितल्याशिवाय सदर भरत नाही, म्हणून तेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स नावाच्या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याला बाबूलोकांना इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. त्यातून १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक निघालं. काम सोपवलं कोणी, तर ट्रेझरीनं, म्हणजे पुन्हा तिजोरीवाल्यांनीच. अमेरिकेनं २०१० मध्ये थेट कायदा केला. केंद्रीय खात्यांनी लोकांना समजेल असं लिहायचं, कर्मचाऱ्यांना तसं शिकवायचं, आणि किती जमलं याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करायचा. वाचून आपल्याला हेवा वाटतो. मग बाकीची कलमं दिसतात. खात्यांनी केलेले नियम यातून वगळलेत, म्हणजे जे समजून घ्यायला वकील लागतो तेच. आणि कायदा पाळला की नाही पाळला, यावरून कोणालाही कोर्टात जाता येणार नाही. सुबोध लेखनाच्या त्या कायद्यात हे कलम सर्वांत सुबोध आहे.

आपल्याकडं असा कायदा आलाच तर एक 'सुबोध लेखन कक्ष' निर्माण करण्यात येईल, त्याला पदं मंजूर करण्यात येतील आणि क्लिष्टता निर्मूलनाच्या कृती आराखड्याचा क्लिष्ट मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करण्यात येईल. हरकती नागरिकांनी नोंदवाव्यात.

वर्तमानपत्रांनीही यावर फार दात काढू नयेत. 'अतिक्रमणांवर कारवाईचा बडगा उगारण्यात आला' असं आम्ही रोज छापतो. बडगा कोणाच्या हातात होता आणि कोणाच्या घरापाशी येऊन तो थबकला, हे विचारायची वहिवाट नाही. प्रेसनोट आली तशी लागते. फार तर परिसरात हळहळ व्यक्त होते.

महालेखापाल सोडून आणखी एका वाचकाला कार्यालयं थोडी घाबरतात. हा वाचक २००५ साली माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं जन्माला आला. माहिती विनाकारण अडवली तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत दंड, आणि तो 'सदर कार्यालयाला' होत नाही, त्या जन माहिती अधिकाऱ्याला होतो. मराठी वाक्यात कर्ता परत आणायचा दर सरकारनं स्वतःच ठरवून दिलाय तो असा. लोक हुशार. त्यांनी या कायद्याखाली विचारायचा एक प्रश्न घासूनपुसून तयार केला : माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, तिथं किती दिवस होता, आणि त्या अधिकाऱ्याचं नाव व पदनाम काय? व्याकरणाच्या बाईही एवढंच विचारायच्या. आणि कधी कधी खरंच चमत्कार होतो. वर्षभर 'कार्यवाहीत' असलेला अर्ज नावागावासकट, तारखेवार सापडतो, आणि गंमत म्हणजे मंजूरही होतो.

नाहीतर तिसाव्या दिवशी पत्र येतं : 'मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' छोटं वाक्य, उपवाक्यांची भानगड नाही, गॉवर्ससाहेबांनी लेखकाची पाठ थोपटली असती. कोणाला आढळून येत नाही, कोणी शोधली, कोणत्या कपाटात शोधली, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याच्यासाठी पहिल्या अपिलाची सोय आहे. त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे. मग सुनावणीची नोटीस येते आणि तिच्यात सरकारी व्याकरण संपूर्ण, एकाच वाक्यात, मावलेलं असतं : 'अपिलार्थीने सर्व कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा काहीही म्हणणे नाही असे समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.'