आठ बाय चारचा व्हेसुव्हियस

परदेशी शैक्षणिक सहलीचे तीन घटक असतात: गिर्यारोहण, ऐतिहासिक स्थलदर्शन आणि फ्लेक्स. पहिले दोन राहून गेले तरी सहल होते.

इटलीच्या सहलीला आठ बाय चारचा फ्लेक्स पुरतो. वर मधोमध संस्थापक, उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे सचिव, खाली कार्यकारिणी आणि शेवटच्या ओळीत सपत्नीक निघालेले सहलप्रमुख. विद्यार्थ्यांचा फोटो नसतो. ते स्वतः हजर असतात. चार कोपऱ्यांना रिंगा, प्रत्येक रिंगेत हातभर नायलॉनची दोरी. छपाईवाला गुंडाळून न्यायला सांगतो, पण चार फुटी गुंडाळी बॅगेत मावत नाही. म्हणून घडी घालून फ्लेक्स चकलीच्या डब्याखाली जातो. घडी अध्यक्षांच्या नाकावरून जाऊ नये म्हणून ती दोनदा मोडून पाहिली जाते. तिसऱ्या खेपेस ती सचिवांच्या नाकावरून घालतात.

पहिला मुक्काम पॉम्पेई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेल्या या शहराचे उत्खनन १७४८ पासून चालू आहे. रस्त्यांतल्या गाड्यांच्या चाकोऱ्या आणि माणसांचे प्लॅस्टरचे साचे चालता चालता उरकले जातात, कारण चौकात वेळेत पोहोचायचे असते. चौकाच्या उत्तर टोकाला ज्युपिटरचे देऊळ, त्यामागे डोंगर. जगभर छापले जाते ते दृश्य हेच. इथे फ्लेक्स उलगडतो. उंच मुले दोन टोकांना, बाकीची मागे. देऊळ सबंध झाकले जाते, डोंगराचे टोक तेवढे संस्थापकांच्या पगडीवर तुऱ्यासारखे उरते. मागच्या रांगेच्या वाट्याला पॉम्पेईमधून फ्लेक्सची पांढरी पाठ येते.

एवढ्यात वाटाड्या कानातल्या यंत्रातून धाकट्या प्लिनीची हकिकत सांगून टाकतो. वय सतरा. उद्रेक बघायला येतोस का, असे मामाने विचारले, तर भाच्याने अभ्यास आहे म्हणून नकार दिला. मामा गेला तो परतला नाही, आणि भाच्याने पुढे टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांमुळे जगाला तो दिवस कळला. त्याच वयाची चाळीस मुले समोर उभी असतात. पण त्याच वेळी 'डावं टोक वर घ्या' असा हुकूम सुटलेला असतो.

याच शहराच्या भिंतींवर निवडणुकीच्या हजारो रंगवलेल्या जाहिराती सापडल्या आहेत. फळवाले आणि बेकरीवाले आपापल्या उमेदवाराची शिफारस करतात. एका उमेदवाराला तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांनी आणि भुरट्या चोरांनीही पाठिंबा जाहीर केला आहे. ही बहुधा विरोधकांची करामत. आपण हे चांदण्यात एकट्याने लिहिले, अशी नोंद एका रंगाऱ्याने करून ठेवली आहे. फ्लेक्सचे हे सख्खे पणजोबा. नागरिकशास्त्राचा इतका चविष्ट धडा दुसरीकडे मिळायचा नाही. तो होत नाही, कारण फ्लेक्सची घडी घालायला सहा जण लागतात आणि सचिवांचे नाक पुन्हा त्याच रेषेवर यावे लागते.

गिर्यारोहण दुसऱ्या दिवशी. व्हेसुव्हियस १२८१ मीटर उंच. त्यातले सुमारे हजार मीटर बस चढते, उरलेल्या अर्ध्या तासाच्या भुसभुशीत वाटेला माहितीपत्रकात 'साहसी ट्रेक' म्हणतात. वर वारा फार. फ्लेक्स शिडासारखा फुगतो, दोऱ्या मनगटांना कापतात. १९४४ साली अखेरचा फुटलेला, सुमारे तीनशे मीटर खोल मुखाचा ज्वालामुखी पाठीमागे असतो, आणि मान वळवून बघणाऱ्या दोघांना दम बसतो: 'कॅमेऱ्याकडे बघा!'

पुण्याकडच्या अशाच शाळेत एखाद्या शिक्षिकेने मुलांना सिंहगडावर न्यायचे म्हटले, तर 'जबाबदारी कोण घेणार?' या एका प्रश्नावर अर्ज परत येतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून व्हेसुव्हियसहून थोडा उंचच आहे आणि पायथ्यापासून वरपर्यंत पायवाट आहे. तो ज्या काळ्या खडकाचा आहे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यापुढे व्हेसुव्हियस म्हणजे चुलीवर उतू गेलेले दूध. शाळेची इमारत त्याच दगडावर उभी, कंपाऊंडची भिंत त्याच दगडाची, आणि मुलांनी ज्वालामुखी बघायला लाखांत पैसे भरून समुद्र ओलांडायचा! बाईंच्या अर्जातली खरी खोट वेगळीच होती: एसटीचे भाडे लिहिले होते, पिठलं-भाकरीचा खर्च लिहिला होता, फ्लेक्सचा लिहिला नव्हता. सिंहगडावरच्या फोटोला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही, आणि जागा मिळणार नसेल तर मुलांच्या पायांची काळजी एकाएकी दाटून येते.

परतल्यावर फोटो कार्यालयात लागतो. त्यात अकरा चेहरे स्पष्ट ओळखू येतात, सगळे छापील. फ्लेक्स पुसून, वाळवून कपाटावर ठेवला जातो. पुढच्या वर्षी ग्रीस ठरले आहे. 'इटली'वर चिकटवायला दोन फूट बाय नऊ इंचांची पट्टी पुरेल, असे छपाईवाल्याने सांगितले आहे.