लिनक्सवरचा विंडोजी विजय

लिनक्सवर गेम चालत नाहीत, हा टोमणा आता शिळा झाला. चालतात, आणि झकास चालतात. फक्त त्यातले बहुतेक लिनक्सचे नसतात. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ पासून सुधारत आलेल्या ‘वाइन’च्या पायावर ‘स्टीम’ हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ उभं केलं. गेम बोलतो विंडोजच्या डायरेक्टएक्सची बोली, मधला थर ती लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये फिरवतो, आणि आपण विंडोजवरच आहोत या समजुतीत गेम खूश. त्याच्यासाठी खोटा ‘सी ड्राइव्ह’सुद्धा मांडून ठेवलेला असतो. २०२२ मध्ये आलेला व्हॉल्व्हचा हातातला गेमयंत्र स्टीम डेक याच बनावावर तरला. मायक्रोसॉफ्टपासून मुक्तीचा झेंडा असा विंडोजच्या ‘ईएक्सई’ फाइलवर डौलाने फडकतो.

कट्टर मंडळी म्हणतील, खास लिनक्ससाठी काढलेले गेमही आहेत की! आहेत, पण त्यातले कित्येक एकदा काढून वाऱ्यावर सोडलेले. म्हणून जाणकार गुपचूप विंडोजची आवृत्तीच प्रोटॉनमधून चालवतात. दुसरा आक्षेप कंपन्यांचा: लिनक्सवर ऑनलाइन खेळात लबाडी करणारे फार. याच कारणाने ‘एपेक्स लेजंड्स’ या ऑनलाइन गेमने २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. आता विंडोजवर लबाड उरलेच नाहीत, असं छातीठोकपणे कोण सांगेल? फरक एवढाच, की तिथे लबाडी पकडणारा पहारेकरी थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, ठाण मांडून बसू शकतो. लिनक्सवर कर्नल वापरणाऱ्याच्या हातात, हवा तसा बदलता येणारा. थोडक्यात, गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही. स्वतःच्या मशीनवर स्वतःची सत्ता असणं, हाच भक्कम पुरावा.