सरनोबत

आमच्या गल्लीतल्या सरनोबतांचं खरं आडनाव फक्त दोघांना ठाऊक आहे: पोस्टमनला आणि ज्यांचे हप्ते थकलेत त्यांना. एका पतसंस्थेत ते वसुलीला आहेत. पण मृगाचा पाऊस वारणाकाठी स्थिरावला, उसाच्या सरीत पाणी उभं राहिलं, की व्याज, जामीनदार, नोटीस हे विषय त्यांच्या बोलण्यातून मागं पडतात आणि नजरबाज, चौकी, रसद डोकावू लागतात. जुलैत पन्हाळगड ते पावनखिंड ही पायी मोहीम असते. तिचे वेध त्यांना घरातले आंबे संपायच्या आतच लागतात.

आमच्या कोडोलीत, किंबहुना सगळ्या पन्हाळा तालुक्यात, अशी माणसं गल्लीआड एक सापडतील. मोहिमेचा माणूस कुठंही जात नाही, तो कूच करतो. त्याच्या घरचा गॅस संपत नाही, दारूगोळा संपतो. वारणानगरला साखर आणायला पाठवलं तरी तो आधी दोन वाटा ठरवतो, एक जायची आणि एक हुलकावणीची, आणि साखर विसरून येतो. कोल्हापूरची एसटी चुकली तर त्यामागं हमखास फितुरी असते.

सरनोबतांच्या सोप्यात कॅलेंडरशेजारी दांडपट्टा टांगलेला आहे. २०२४ साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा स्वतःला बढती मिळाल्यासारखे त्यांनी गल्लीत पेढे वाटले. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमधला एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. त्यावर ते एवढंच म्हणाले, "कळलं म्हणायचं एकदाचं त्यास्नी."

मोहिमेचा पोशाख ठरलेला. बाराबंदी, पागोटं, कमरेला शेला, कपाळाला चंद्रकोर. पायात मात्र दुकानातले जाड तळाचे बूट. इतिहासाशी तेवढी तडजोड त्यांनी गुडघ्याच्या डॉक्टरांच्या आज्ञेवरून केली आहे. रेनकोटला सक्त मनाई. मावळ्यांच्या खांद्यावर घोंगडी होती, म्हणून ह्यांच्याही असते. कोरडं घोंगडं रुबाबदार दिसतं. मसाई पठारावर धुक्यात तासभर पाऊस खाल्ला की तेच घोंगडं ओल्या मेंढरासारखं वास मारत, टपटप गळत, माणसाला मागं ओढू लागतं. मग दर वर्षी कुणीतरी पोरगं ते गपचूप आपल्या खांद्यावर घेतं आणि सरनोबत ते दिसलंच नाही असं दाखवतात.

शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती हकीकत सगळ्यांना पाठ आहे. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसाळ्यातही ढिला न पडलेला. १२ जुलैची रात्र, आषाढी पौर्णिमा. दोन पालख्या. एकीत नेबापूरचे शिवा काशीद, महाराजांच्या वेशात, मरण ठाऊक असून बसलेले. मागं सिद्दी मसूदचे घोडेस्वार. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदल मावळे. शेवटी विशाळगडावरची तोफ. एवढं पाठ असूनही सरनोबत ती दर वर्षी, दर मुक्कामावर, पहिल्यांदाच कळल्यासारखी सांगतात आणि शिवा काशिदांपाशी त्यांचा आवाज दर वर्षी तिथंच फुटतो. मी ह्याला नाटकीपणा म्हणत असे. आता म्हणत नाही, कारण त्या जागी माझाही घसा साथ देत नाही.

त्यांच्या तुकडीचे नियम दोन. महाराजांची भूमिका कुणी घ्यायची नाही. पालखीत फक्त प्रतिमा. आणि बाजी व्हायची चढाओढ करायची नाही. पहिला नियम सगळे पाळतात. दुसरा कुणीच पाळत नाही. गडाच्या राजदिंडीतून उतरताना तुकडीत दहा बाजी असतात आणि भाताचा डेग उचलायला एकही बांदल नसतो.

यंदा त्यांचा भाचा आला होता, पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला. पोरगं गुणी, पण नाद वेगळा. शनिवारी रात्री चार-पाच मित्र टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे, चेटके, चोर होतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. म्हाळुंगे मागं पडेपर्यंत भाचा मामांना हे समजावत होता.

"मामा, बाहेरच्या देशात तर माणसं पोशाख करून खरोखर जंगलात उतरतात. इंग्लंडमध्ये १९८२ साली एका किल्ल्यातच सुरू केलं होतं. पेकफर्टन. पैसे भरायचे, मऊ तलवारी घ्यायच्या, राक्षस मारत तळघरातून जायचं."

"किल्ला कवाचा?"

"एकोणिसाव्या शतकातला. एका श्रीमंत जमीनदारानं हौसेनं बांधलेला."

"म्हंजे लढाई?"

"एकही नाही झाली."

सरनोबत बराच वेळ नुसते चालत राहिले. मग कळवळून म्हणाले, "बिचारे."

थोड्या वेळानं त्यांना आणखी सुचलं. "आरं, इंग्रज हितं बी आला हुता की खेळायला. राजापूरच्या वखारीचा रेव्हिंग्टन. जौहरला तोफ घिऊन आला, वर आपला झेंडा लावून गडावर गोळे टाकले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आन् वखारवाल्यास्नी कैदेत टाकलं. त्यास्नी ईच्यार म्हणावं, फी किती पडली."

कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी. चिखल घोट्याच्या वर. बूट आत राहावा आणि पाय बाहेर यावा, असं पाऊल पाऊल. तिन्हीसांजेला करपेवाडीत एका सोप्यात आसरा मिळाला. घरधनिणीनं चूल पेटती ठेवली होती. तिच्याभोवती दहाही बाजी पाय शेकत, मोजे वाळवत बसले. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना. तेव्हा भाच्यानं खिशातून तो फासा काढला.

"मामा, एक डाव इथं खेळू. हीच गोष्ट. मी सांगतो, तुम्ही करा."

पोरं लगेच तयार. पण नियम कळताच सरनोबतांचा चेहरा उतरला. "फाशावर? उलटा पडला तर?"

"तर तुकडी सापडते."

"महाराज सापडत्यात व्हय? फाशानं?" आता चुलीपुढची घरधनीणसुद्धा भाच्याकडं बघायला लागली.

बराच वेळ तह चालला. शेवटी ठरलं की महाराजांच्या पालखीवर फासा पडणारच नाही. ती आपल्या वाटेनं जाईल. फासा फक्त बाकीच्यांना. हे भाच्यानं निमूट मान्य केलं. मग दुसरी अडचण आली. दहा बाजी होते, पण मसूद व्हायला कुणी तयार होईना. मसूद नसेल तर खेळच नाही. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून सरनोबतांकडं.

मला वाटलं, हे चिडून उठणार. पण तुकडीची अडचण आहे म्हटल्यावर त्यांनी पागोटं उतरवून बाजूला ठेवलं, घोंगडं उलटं पांघरलं आणि ते मसूद झाले. झाले ते असे, की पोरांची पाचावर धारण बसली. कोणत्या ओढ्याला पाणी चढलं असेल, कोणत्या धारेवरनं घोडं जाईल, कुठं उतरून चालावं लागेल, सगळं त्यांना ठाऊक. थकलेल्या कर्जदाराच्या मागं वाड्यावस्त्यांतून फिरून मिळवलेली अक्कल त्यांनी तिथं खर्ची घातली. मसूद एकेक चौकी मागं टाकत पुढं आला. पोरं भाकरी हातात धरून ऐकत होती.

"आता टाका मामा."

फासा शेणानं सारवलेल्या जमिनीवरून घरंगळत चुलीच्या उजेडात थांबला. वीस.

"वीस म्हंजे?"

"सगळ्यात भारी. म्हणाल ते जमतं." भाच्याचा आवाज बसला. "म्हणजे मसूद खिंडीच्या आधीच वाट अडवतो."

कुणी काही बोलेना. सरनोबतांनी फाशाकडं पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या पालखीकडं.

"मसूदची फौज करपेवाडीत थांबली," ते म्हणाले.

"का?"

"च्या प्यायला."

"मामा, १६६० साली चहा कुठला?"

"मग घोड्यांचे नाल बघाय. आषाढ हाय, घोडी घसरत्यात."

"पण वीस पडलेत! नियम..."

"नियम मला सांगतोस? वसुलीत हाय मी. गडी दारात सापडला तरी मुदत द्याय येती." सरनोबतांनी पागोटं उचलून पुन्हा डोक्यावर चढवलं. "लिही. मसूदनं दोन तासाची मुदत दिली. आन् डेग कोण उचलतंय उद्या, ते बी लिही."