आमची आई काहीच करत नाही

प्रति,
माननीय प्रगणक, जनगणना २०२७,
मुलचेरा, जिल्हा गडचिरोली.

विषय : आमच्या मातोश्रींच्या नावापुढचा कामाचा रकाना रिकामाच ठेवण्याबाबत नम्र विनंती.

गुरुजी,

(आपण बहुधा प्राथमिक शाळेतूनच या कामावर येणार, म्हणून गुरुजी म्हणतो. मॅडम असाल तर राग मानू नये.)

फेब्रुवारी २०२७मध्ये आपण मोबाईल घेऊन आमच्या दाराशी उभे राहाल. मागची मोजणी २०११ची. २०२१ची व्हायची होती, ती राहून गेली. त्यामुळे आमच्या आईने मधल्या काळात काय काय केलं नाही, त्याचा हिशेब बराच तुंबला आहे. आपण विचाराल, "बाई, काम काय करता?" ती पदराला हात पुसत म्हणेल, "मी का करतो बापा, घरीच असतो." हे उत्तर आहे तसं टिपून घ्यावं आणि पुढच्या घरी निघावं. खोलात शिरू नये. आपण खोलात शिरलात तर आमच्या घराचं बजेट कोसळेल.

दारातून आत आलात की उजव्या हाताला पायाची शिलाई मशीन दिसेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा. ती चालू असेल, वर अर्धं ब्लाउज लोंबत असेल, खाली चिंध्यांचा ढीग असेल, तरी दुर्लक्षच करा. मुलचेऱ्यात ब्लाउजचं माप चार भाषांत सांगितलं जातं. आमच्या गल्लीत मराठी आणि तेलुगू, बाजाराच्या दिवशी रानाकडून येणाऱ्या बायांची गोंडी, आणि सुंदरनगर-विवेकानंदपूरकडच्या मावश्यांची बंगाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने या तालुक्यात जमिनी देऊन वसवलं, तेव्हापासून ही बंगाली इथली झाली. आईला या चारही भाषांत तीन गोष्टी नीट येतात : बाही किती, गळा किती खोल, आणि "इतक्यात नाही परवडत". व्याकरण कोणत्याच भाषेत येत नाही. गिऱ्हाईक मात्र परत जात नाही.

तिची हुशारी कापडात कमी आणि डोळ्यांत जास्त आहे, असं माझं मत. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू झाली की ती गोधडी घेऊन रात्रभर मांडवात बसते. लोक नायिकेच्या दुःखाने रडतात. आई नायिकेने पाठ फिरवायची वाट बघते. पाठीमागच्या गळ्याचा नमुना एकदा नजरेत भरला की त्या आठवड्यात निम्म्या मुलचेऱ्याच्या पाठीवर तो दिसतो. वडशाच्या नाटक कंपनीला याचा पत्ताही नसतो. ब्लाउज शिवताना ती आत चांगली दोन बोटं माया सोडते, कारण लग्न ठरलेली मुलगी पुढच्या दोन वर्षांत कोणत्या मापाची होणार हे तिला मुलीच्या आईआधी कळतं.

आता आपण म्हणाल, हा तर धंदा झाला. म्हणूनच तर हे पत्र लिहितोय, गुरुजी. शेजारणीचं ब्लाउज पैसे घेऊन शिवलं तर आपल्या नियमांत तो घरगुती उद्योग ठरतो. त्याच मशीनवर, त्याच दोऱ्याने, ताईच्या पोरीचा फ्रॉक शिवला तर काहीच नाही. आणि शेजारीण पैसे देतेच असं नाही. कोणी पन्नासची नोट देतं, कोणी पावसाळ्यात रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी, आणून देतं, बंगाली मावशी मासोळी देते. सात्यांची भाजी त्याच रात्री संपते. आता सांगा, उद्योगाचा पुरावा कुठे उरला? आपल्याला नोंद करायचीच असेल तर आमच्या पोटात शिरावं लागेल.

नियमांचं म्हणाल तर ते मी मुद्दाम वाचले. २०११च्या जनगणनेत घरच्या खाण्यापुरती शेती केली तरी ते काम होतं. घरच्यांनीच प्यायच्या दुधासाठी गाय दोहली तरी ते काम होतं. तेच दूध तापवलं आणि विरजण लावलं की मात्र काम संपलं, तिथून पुढे निव्वळ संसार. म्हणजे बाबांनी बांधीत धान रोवला ते शेतकरी, आणि आईने तो पाखडून, निवडून, शिजवून सहा जणांच्या ताटात वाढला, ती घरीच असते. त्यातही एक बारीक धोका आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की आई पहाटे जंगलात जाते आणि दुपारी अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसते. वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलेल्याला आपण 'सीमांत कामगार' म्हणता. म्हणजे मे महिन्यात ती काठावरून आत येऊ शकते. आपली मोजणी फेब्रुवारीत ठेवली आहे, हे फार बरं झालं. फक्त मागच्या वर्षभरात काय केलं ते विचारू नका, म्हणजे झालं.

स्वयंपाकाविषयी थोडक्यात लिहितो, नाहीतर लिहिता लिहिता भूक लागते. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बारीक चिरून उकळायचे, कडू पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायचे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं वेचून वाळवायची. पौषात बंगाली मावशीकडून पाटिसापटा नावाचं गोड धिरडं शिकून आली तेव्हा बाबांनी तोंड वाकडं केलं. सहा खाल्ल्यावर सरळ केलं.

आता न्यायालयाचा विषय काढावा लागतो, कारण उद्या कोणी आपल्याला फितवू शकतो. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात नाराजी नोंदवली की २००१च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या सुमारे ३६ कोटी बायकांना काम न करणाऱ्यांत टाकून भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलं. जानेवारी २०२१मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा आकडे मांडले : २०११च्या मोजणीत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी, आणि पुरुष ५७.९ लाख. गंमत अशी की या बाईची किंमत काढायला न्यायालयाला दोन्ही वेळा ती अपघातात जावी लागली. जिवंत बाईची किंमत काढायला अजून कोणी बसलेलं नाही, आणि कोणी बसूही नये, असं आमच्या घराचं एकमताने म्हणणं आहे. (आईचं मत घेतलं नाही. ती घरीच असते.)

सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणातही असंच काहीतरी निघालं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. आमच्या घरातली ८८ मिनिटं आम्ही शोधतो आहोत. बाबांचं म्हणणं, "मीठ कुठे आहे" हे विचारण्यात जातात. केंब्रिजचे पिगू नावाचे अर्थशास्त्रज्ञ १९२०च्या ग्रंथात सांगून गेले आहेत की मालकाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, पगार बंद. आमच्या बाबांनी तर पगाराचा टप्पाच गाळून थेट लग्न केलं. देशाचं नुकसान झालं असेल, घराचं झालं नाही.

खरा घोळ प्रवासाचा आहे. "घरीच असतो" या उत्तराला तडा जाईल तो इथेच.

१७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तोवर आईचं भूगोलाचं ज्ञान माहेर, सासर आणि चंद्रपूरचा दवाखाना जवळपास एवढंच होतं. आता तिला मुलचेरा, घोट, चामोर्शी, गडचिरोली अशा गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते म्हणून तिथल्या स्नानाचं महत्त्व. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा. सिरोंच्याला तर ती अर्ध्या तिकिटाच्या आधीच जाऊन आली होती. एप्रिल २०२२मध्ये प्राणहिता नदीचा पुष्कर लागला, तो बारा वर्षांनी येतो, तेव्हा पूर्ण तिकिटावर. त्या खर्चाची आठवण अजून निघते, देवाची कमी निघते.

यात्रा म्हणजे देवदर्शन, असं आपण लिहाल. चूक. चंद्रपूरच्या महाकालीचं दर्शन रांगेत होतं आणि त्यानंतर तितकाच वेळ गोल बाजारात जातो. अस्तराचं कापड, हुकांची पाकिटं, बॉबिन, फॉल, आणि "दोन मीटर घेतलं तर तिसरं कितीला" हा प्रश्न. देवीला नारळ एक, दुकानदाराला फेऱ्या चार. परतीच्या पिशवीत प्रसाद शोधावा लागतो, रिळं वरच असतात. आणि बसमध्ये ती काय करते? खिडकीजवळ बसून तुरपाई करते. गाडी खड्ड्यात गेली की सगळे कपाळ आपटतात, ती सुई वर धरते. आल्लापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोखंडाचे ट्रक सुरू झाल्यापासून ही कला तिला फार साधली आहे.

एका पावसाळ्यात दिना नदीचं पाणी पुलावरून वाहू लागलं आणि गाडी अलीकडेच थांबली. बाहेर अंधार, आत पन्नासेक माणसं आणि कोणाच्याही मोबाईलला रेंज नाही. आईने पिशवी उघडली. आधी पोळ्या आणि बेसन निघालं, ते तिच्या सीटपासून मागच्या लांब सीटपर्यंत पोचलं. मग सुई-दोरा निघाला. एका पोराच्या दप्तराचा पट्टा, एका म्हातारबाबांच्या धोतराची फाट, आणि वाहकाच्या शर्टाचं बटण. पाणी उतरेपर्यंत तिने दोन ब्लाउजची मापंही घेतली, मोबाईलच्या उजेडात, दोऱ्याला गाठी मारून. त्यातली एक बाई अजून शिवायला कापड पाठवते. सगळे त्या रात्रीला संकट म्हणतात. आई म्हणते, "धंदा बरा झाला." घाबरू नका गुरुजी, ही नोंद आम्ही कुठेही केलेली नाही.

एक गोष्ट आपल्या कानावर घालतो, मुलचेऱ्यात सांगू नका. आइसलँड नावाच्या देशात २४ ऑक्टोबर १९७५ रोजी दहातल्या नऊ बायकांनी एक दिवस घरातलं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं. बाप लोक पोरांना घेऊन ऑफिसात गेले. आमच्या बाबांना ऑफिस नाही, बांधी आहे, आणि धाकटा बांधीत गेला की रोवणी उपटतो. तेव्हा हा प्रकार आमच्या तालुक्याला परवडणारा नाही.

आणखी एक विनंती. या खेपेला घरच्यांनी स्वतःच मोबाईलवर माहिती भरायची सोय आहे म्हणतात. कृपा करून ती लिंक आईच्या फोनवर येऊ देऊ नका. ऑगस्ट २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात येऊ लागले आणि तेव्हापासून ती बँकेचे मेसेज चष्मा लावून, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते. कामाचा रकाना समोर आला तर ती आधी विचारेल, यात किती ओळी लिहिता येतात. मग मशीन थांबेल, भात करपेल, आणि बाबा मीठ कोणाला विचारणार?

शेवटी आपल्या सोयीचं. येताना शर्टाची सगळी बटणं जागेवर आहेत का ते पाहून या. एखादं तुटलेलं दिसलं तर ती आपल्याला बसवून घेईल, बटण लावेल, मग "जेवून जा नं गुरुजी" म्हणेल, आणि आपण नाही म्हणू शकणार नाही. एकदा ताट पुढे आलं की उजव्या हाताने भात कालवायचा आणि डाव्या हाताने मोबाईलवर 'काम करत नाही' दाबायचं, हे अवघड जातं. जाणकारांचा सल्ला आहे की आधी दाबून घ्यावं.

आपला नम्र,
मातोश्रींचा मोठा मुलगा
(नोंद : विद्यार्थी. पोलीस भरतीची तयारी गेली काही वर्षं जोरात चालू.)

ता. क. : पाकिटाचा गोंद दमट हवेत आधीच चिकटून गेला होता, म्हणून ते आईकडून टीप मारून बंद करून घेतलं आहे. उसवताना जपून उसवा. दोरा परत पाठवा म्हणते.